वेदना कोणाची, शोक कोणाचा?

गृहस्थाश्रमाचे मोठेपण शास्त्रकारांनी गायिले, ते त्याच्या आधारावर जगणाऱ्या जिवांमुळे. लेकरे, वृद्ध, रुग्ण, अतिथी, गोठ्यातील गाय आणि दाराशी बसलेला कुत्रा या सर्वांचा भार जो वाहतो तो गृहस्थ. नित्याच्या वैश्वदेवात आणि श्राद्धाच्या दिवशीही कुत्र्याचा घास वेगळा काढून ठेवण्याची रीत आहे. त्या रीतीचा अर्थ इतकाच की, ज्याला मागता येत नाही त्याचेही घराकडे काही देणे लागते. अन्नाचा हा वाटा देणे सोपे आहे. कठीण असतो तो निर्णयाचा वाटा. आश्रित जीव मुका असतो, तो संमती देऊ शकत नाही आणि नकारही देऊ शकत नाही. त्याच्या शरीराविषयी काही ठरवावयाचे झाले म्हणजे गृहस्थाच्या विवेकाची खरी परीक्षा होते.

समजा, मध्यम स्थितीतील एका गृहस्थाच्या घरी लॅब्राडोर जातीचा नऊ वर्षांचा कुत्रा आहे. काही आठवड्यांपासून तो उजव्या पुढच्या पायाने लंगडतो. प्रथम वाटले, जिन्यावरून उडी मारताना पाय मुरगळला असेल. शेकून झाले, तेल लावून झाले. दोन दिवस बरे वाटे आणि पुन्हा लंगडणे सुरू होई. पुढे मनगटाच्या किंचित वर सूज दिसू लागली. पशुवैद्याने क्ष-किरण चित्र काढले, हाडाचा तुकडा तपासावयास पाठविला आणि शेवटी सांगितले की, हा हाडाचा कर्करोग आहे. पाय खांद्यापासून काढून टाकावा हे उत्तम.

त्या रात्री घरात जे बोलणे होते, ते अशा प्रसंगी बहुतेक घरांत होते. वृद्ध आई म्हणते, "अरे, त्या मुक्या जिवाला पांगळा करून काय मिळवणार आहेस? त्याचे भोग आहेत, ते त्याला भोगू दे. निदान धडपणाने तरी जाऊ दे." कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो, "बाबा, पैशाकडे पाहू नका. काय वाटेल ते करा, पण तो वाचला पाहिजे." पत्नी म्हणते, "अहो, दिवसभर त्याचे करायचे ते मलाच आहे, त्याला माझी ना नाही. पण रात्री तो कण्हतो ते मला ऐकवत नाही." गृहस्थ काहीच बोलत नाही. तिघांच्याही बोलण्यात प्रेम आहे आणि तिघांचेही म्हणणे वेगवेगळे आहे. अशा वेळी केवळ प्रेमावरून निर्णय होत नाही. त्या प्रेमात कुत्र्याची वेदना किती आणि आपला शोक किती, हे निवडून पाहावे लागते.

विचार करण्यापूर्वी वस्तुस्थिती जाणून घेणे अवश्य आहे, कारण अज्ञानावर उभारलेली दया पुष्कळदा क्रौर्याच्या दारी नेऊन सोडते. हाडात मूळ धरून उत्पन्न होणाऱ्या ज्या गाठी कुत्र्यांत आढळतात, त्यांत ऑस्टिओसार्कोमा ही सर्वांत अधिक आढळणारी होय. मोठ्या देहाच्या जातींत आणि उतरत्या वयात ती विशेष दिसते. पुढच्या पायात मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ आणि मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास तिचे ठाणे असते. ही गाठ हाड आतून पोखरते. तिची वेदना असह्य असते, आणि पोखरलेले हाड कधी साध्या पावलानेही मोडते. कुत्रा मात्र ओरडत नाही. तो पाय टेकत नाही, खेळत नाही, कोपऱ्यात पडून राहतो, आणि घरची माणसे म्हणतात, "आता वय झाले!"

या रोगाची दुसरी बाजू अधिक दारुण आहे. निदानाच्या वेळी छातीच्या क्ष-किरण चित्रात फुफ्फुसातील गाठी फारच थोड्या कुत्र्यांत दिसतात. तरीही सुमारे ९० टक्के कुत्र्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगपेशी तोवर शरीरात अन्यत्र पोहोचलेल्या असतात. म्हणून पाय काढल्याने दुखण्याचे स्थान जाते, रोगाचे मूळ बहुधा जात नाही. सुश्रुताच्या शल्यतंत्रातही अर्बुदाविषयी इशारा आहे की, त्याचा शेष राहिला तर ते विझवून उरलेल्या अग्नीप्रमाणे पुन्हा पेटते. केवळ पाय काढला तर निम्मे कुत्रे चार ते पाच महिन्यांच्या पुढे जात नाहीत. त्याबरोबर कर्करोगाची औषधे शिरेतून दिली तर हा काळ सुमारे दहा ते बारा महिन्यांपर्यंत जातो, आणि पाचांतील एखादा दोन वर्षे काढतो. तेव्हा आशेचा मुलगा आणि निराशेची आजी, दोघांनीही ही गोष्ट ध्यानात घ्यावी की, येथे प्रश्न अमरत्वाचा नाही. उरलेले दिवस वेदनेत जाणार की वेदनेवाचून, एवढाच प्रश्न आहे.

आता धर्माचा विचार. गीतेच्या सहाव्या अध्यायात जो योगी श्रेष्ठ म्हटला आहे, तो स्वतःच्या उपमेने सर्व भूतांचे सुखदुःख समान पाहणारा आहे. यालाच आत्मौपम्य म्हणतात. पाचव्या अध्यायात पंडिताच्या समदृष्टीचे वर्णन करताना ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्या पंक्तीस कुत्राही बसविला आहे. मुक्या जिवासाठी निर्णय घेताना याहून उत्तम दीप नाही. तथापि हा दीप कोठे धरावयाचा, हे न कळल्यास त्याच्याच उजेडात माणूस चुकतो. आजी स्वतःला कुत्र्याच्या ठिकाणी कल्पून म्हणते, "मला कोणी पांगळे केले तर मी कशी जगेन?" वरवर पाहता हे आत्मौपम्यच आहे. पण मनुष्याचा पाय गेला म्हणजे त्याला काय काय दुःख होते ते पाहावे. जखम दुखते हे तर आहेच. त्याखेरीज उपजीविकेची चिंता, लोकांच्या नजरा, आरशातील आपले रूप, पूर्वीच्या धडधाकटपणाची आठवण आणि पुढच्या आयुष्याची भीती, हे सर्व त्या एका दुःखावर रचलेले असते. हा वरचा भाग देहाभिमानाचा आहे. कुत्र्याला आरसा ठाऊक नाही आणि शेजारच्या कुत्र्याने आपल्याला पांगळा म्हणावे याची लाजही ठाऊक नाही. गीतेने सुखदुःख समान पाहावयास सांगितले, अभिमान समान पाहावयास सांगितले नाही. वेदना दोघांची सारखी आहे. लाज एकट्या माणसाची आहे. म्हणून आत्मौपम्य वेदनेपुरते लावावे, आपली लाज मात्र मुक्या जिवाच्या माथी मारू नये.

अनुभवही याला साक्ष आहे. ज्याच्या तीन पायांत बळ आहे असा कुत्रा शस्त्रक्रियेनंतर बहुधा एक-दोन दिवसांत उभा राहतो आणि काही आठवड्यांत तोल साधून धावू लागतो. किंबहुना दुखरा पाय तो आधीपासूनच उचलून चालत असतो, म्हणजे तीन पायांचा अभ्यास त्याने रोगातच केलेला असतो. त्याला तीन पायांवर पाहून घरच्यांचे डोळे भरून येतात. तो मात्र शेपूट हलवीत पुढे गेलेला असतो.

येथे काही आक्षेप येतात, त्यांचा परामर्श घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप प्रारब्धाचा. जे भोग आहेत ते भोगल्यावाचून सुटत नाहीत, मग मध्ये हात घालणारे आपण कोण? यावर उत्तर असे की, स्वतःच्या नातवाला ताप आला असता आजी प्रारब्धावर भार टाकून बसत नाही, वैद्याला बोलावते. प्रारब्धात रोग असू शकतो, तसे दयाळू घर आणि कुशल वैद्य लाभणे हेही असू शकते. दुसऱ्याचे प्रारब्ध कोणालाही वाचता येत नाही. आपले कर्तव्य मात्र प्रत्येकाला समोर दिसते. प्रारब्धाचा सिद्धांत स्वतःचे दुःख धैर्याने सोसण्यासाठी आहे; दुसऱ्याचे दुःख स्वस्थपणे पाहण्यासाठी तो सांगितलेला नाही.

दुसरा आक्षेप अव्यंगतेचा. देवाने दिलेले शरीर धड असावे. यज्ञात अर्पावयाच्या पशूविषयी अव्यंगतेचा नियम आहे खरा. परंतु घरचा कुत्रा ही कोणाला अर्पण करावयाची वस्तू नाही, तो आश्रित आहे. अर्पणाला लावावयाचा नियम आश्रिताला लावणे हा प्रकरणाचा गोंधळ होय.

तिसरा आक्षेप मोहाचा. भागवताच्या पाचव्या स्कंधात राजर्षी भरताची कथा आहे. हरिणाच्या पाडसावर माया जडल्यामुळे त्याला हरिणाचा जन्म घ्यावा लागला. तेव्हा पशूंच्या सेवेत इतके गुंतणे बरे नव्हे, असे काही जण म्हणतात. ती कथा नीट पाहिली म्हणजे कळते की, नदीत पडलेले पाडस भरताने उचलले याला तेथे दोष दिलेला नाही, ती दयाच होती. पुढे नियम, पूजा आणि आत्मचिंतन एकेक करून सुटत गेले आणि सर्व चित्त त्या एका जिवाभोवती गुंडाळले गेले, दोष आहे तो तेथे. "काय वाटेल ते करा, पण तो वाचला पाहिजे" या मुलाच्या वाक्यात या दुसऱ्या भरताची सावली आहे. कुत्र्याच्या वेदनेपेक्षा कुत्रा नसलेल्या घराचे भय त्यात अधिक आहे.

मग करावे काय? गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचे जे लक्षण आहे, त्यात चार गोष्टींची उपेक्षा करून मोहाने आरंभिलेले कर्म तामस म्हटले आहे: अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष. लक्षण निषेधाचे असले तरी ते उलट करून पाहिले म्हणजे निर्णयाची एक सुंदर रीत हाती येते. या चारही गोष्टी पाहून जे कर्म आरंभिले जाते, ते निदान आंधळे तरी नसते.

अनुबंध म्हणजे कर्माच्या पाठोपाठ बांधलेले येणारे परिणाम. शस्त्रक्रियेपूर्वी फुफ्फुसांचे चित्र काढून रोग पसरल्याचे दिसते काय, हे पाहिले पाहिजे. तो उघड पसरलेला असल्यास पाय काढून फारसे दिवस मिळत नाहीत. तो दिसत नसल्यास वेदनारहित काही महिने मिळण्याचा संभव पुष्कळ असतो. औषधांचे पुढील उपचार करावयाचे की नाहीत, हेही आधीच ठरवावे. कुत्र्यांना ही औषधे बहुधा माणसांपेक्षा सौम्य प्रमाणात देतात आणि बहुतेक कुत्र्यांना ती सोसतात, हे ध्यानी असावे.

क्षय म्हणजे हानी, आणि तीत द्रव्याची हानीही येते. हा विषय बोलावयास गृहस्थ लाजतो. पण घरात मुलीचे शिक्षण आहे आणि आईचे औषधपाणी आहे. त्यांच्या ताटातील घास काढून अथवा न फिटणारे कर्ज काढून केलेला उपचार धर्म्य ठरत नाही. "एवढे आमच्याने होणार नाही" असे प्रामाणिकपणे म्हणणे हे पाप नव्हे. जे अल्प खर्चात होते ते न करणे मात्र दोषास्पद आहे. पशुवैद्याने दिलेले वेदनाशामक औषध ही ती किमान मर्यादा आहे. माणसांच्या गोळ्या मनाने कुत्र्याला देऊ नयेत. त्यांतील कित्येक त्याला विषासमान असतात.

हिंसा म्हणजे या उपचारानेच होणारी पीडा. येथे माणूस आणि पशू यांच्यातील एक भेद फार विचार करण्याजोगा आहे. माणूस शस्त्रक्रियेचे दुःख पुढच्या सुखाच्या आशेवर सोसतो. कुत्र्याला ही आशा नाही. आपल्याला का बांधले, का कापले, हे त्याला कोणी समजावून सांगू शकत नाही. म्हणून त्याच्याकडून जे दुःख सोसवून घ्यावयाचे, ते थोडे असावे आणि त्याची परतफेड लवकर व्हावी. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस औषध असूनही जड जातात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. त्यापुढे चांगले महिने मिळणार असतील तर हा व्यवहार त्याच्या हिताचा आहे. एका उपचारातून सावरतो तोच दुसरा, असा क्रम लागणार असेल तर नाही. आणि आशा जशी त्याला नाही, तशी भीतीही नाही. आपल्याला कर्करोग आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि तो महिने मोजीत नाही. महिने मोजतो तो गृहस्थ. कुत्र्याजवळ आजचा दिवस असतो, आणि तो सुखाचा करणे एवढेच गृहस्थाच्या हाती असते.

पौरुष म्हणजे सामर्थ्य, आणि ते दोघांचेही पाहावे लागते. कुत्रा शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर पेलतो. एक गेल्यावर दुसऱ्यावर किती ओझे येईल हे यावरून कळते. उरलेल्या पायांत संधिवात असेल, खुबे निकामी झाले असतील, पाठीच्या कण्याचे दुखणे असेल किंवा देह फार स्थूल असेल, तर तीन पायांवरचे जिणे हीच नवी वेदना होईल. नुसते वय हा रोग नव्हे. नऊ वर्षांचा काटक कुत्रा सहा वर्षांच्या स्थूल कुत्र्यापेक्षा अधिक योग्य असू शकतो. गृहस्थाचे सामर्थ्यही तसेच पाहावे. घर तिसऱ्या मजल्यावर आहे काय? तीस किलोचा जीव दोन आठवडे उचलून खाली कोण नेईल? गुळगुळीत फरशीवर सतरंज्या कोण अंथरील? पुढे त्याचे वजन वाढू नये म्हणून पोळीचा वरकड तुकडा देण्याचा मोह कोण आवरील? मुलाचे प्रेम खरे असेल तर ते येथे दिसले पाहिजे. सेवेत न उतरणारे प्रेम निर्णयात मत देण्यास अधिकारी नाही.

या चार कसोट्या लावल्यावर वरील उदाहरणातील कुत्र्याची फुफ्फुसे स्वच्छ आणि उरलेले पाय बळकट ठरले, घराची ऐपत आणि तयारीही असली, तर पाय काढणे हेच दयेचे कर्म होय. तेव्हा "मला ते पाहवणार नाही" म्हणून माघार घेणे हे गीतेच्या भाषेत राजस त्यागाच्या जवळ जाते, कारण स्वतःच्या क्लेशाच्या भयाने कर्तव्य टाकणे हेच त्याचे लक्षण आहे. वैद्याकडे न जाता, काही न जाणता, "होईल ते होवो" म्हणून बसून राहणे हा तर मोहाने केलेला तामस त्याग होय. याउलट खुबे निकामी आणि छातीत रोग, असे ठरले तर पाय न काढणे हेच योग्य. त्या न करण्यात कर्तव्याचा त्याग नाही. तेथे कर्तव्याचे रूप पालटते: वेदनाशामके, जेथे सोय असेल तेथे किरणोपचार, हाडाची झीज मंदावणारी औषधे, मऊ अंथरूण आणि माणसाची सोबत.

एक दिवस असाही येतो की, औषधही वेदना आवरू शकत नाही. त्या दिवसाविषयी हिंदू मन कचरते, आणि ते कचरणे निंद्य नाही. साबरमतीच्या आश्रमात १९२८ साली असाध्य वेदनेने तळमळणाऱ्या एका वासराला महात्मा गांधींनी डॉक्टरकरवी इंजेक्शन देववून मरण दिले, तेव्हा देशभर मोठा वाद झाला. अहिंसेला सर्वस्व मानणाऱ्या पुरुषाने तो निर्णय घेतला आणि निंदा सोसली. त्यांचे करणे सर्वांनी मान्य करावे असे नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न कोणालाही टाळता येत नाही: हा जीव आता कोणासाठी तळमळतो आहे? १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानेही पाळलेल्या प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य पाळणाऱ्यावर ठेवले आहे. ज्याच्या श्रद्धेला तो मार्ग मानवत नाही, त्याने वेदना शमविण्याचा यत्न दुप्पट केला पाहिजे. श्रद्धा स्वतःची असावी. तिचे मोल मुक्या जिवाने वेदनेत चुकवू नये.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि भाऊ एकेक करून पडतात आणि युधिष्ठिर मागे न वळता चालत राहतो. तोच युधिष्ठिर स्वर्गाच्या रथापाशी एका कुत्र्यासाठी थांबतो. ही विसंगती नाही. मेलेल्यांना धरून ठेवणे त्याच्या हाती नव्हते, म्हणून त्याने ते केले नाही. जिवंत आश्रिताला न टाकणे त्याच्या हाती होते, म्हणून स्वर्ग नाकारूनही त्याने ते केले. न टाकणे निराळे आणि न गमावणे निराळे. गमावणे कोणालाच टळलेले नाही. गृहस्थाच्या घरचा तो कुत्रा तीन पायांवर चालो की चार पायांवर झोपून राहो, एक दिवस जाणारच आहे. त्याला वाचविता आले नाही याचा हिशेब कोणी मागणार नाही. त्याच्यासाठी ठरविताना त्याची वेदना पाहिली की आपला शोक पाहिला, एवढेच ज्याचे त्याला अंतर्यामी विचारले जाईल.